दोन महिने बंद घरात राहिलेला गोल्डफिश तळाशी पडून आहे, कोणतं औषध घालू?

तुम्ही लिहिलंय की गावाहून परत आलात तर टँकचं पाणी चहासारखं झालेलं, पातळी निम्म्यावर उतरलेली आणि एकुलता गोल्डफिश तळाशी कलून पडलेला. आता टँक रिकामा करून, घासून, नवीन पाणी भरून कोणतं औषध घालू, असं विचारलंय. घासू नका. पाणी काढू नका. औषधाचं नंतर बघू.

मी इंदूरला राहते, एकतीस वर्षं स्टाफ नर्स होते. २०१९च्या दिवाळीत राजेंद्रनगरला धाकट्या दिरांच्या बंद घरात पणती ठेवायला गेले, तेव्हा तुमच्यासारखंच दृश्य होतं. भाऊजींची बदली ऑगस्टमध्ये पुण्याला झाली, गणपतीत येऊन टँक नेऊ म्हणाले, ते राहिलंच. शेजारचा मुलगा येऊन दाणे टाकायचा, पुढे त्याची परीक्षा आली. वीज बंद, पंप बंद, दोन फुटी टँकमध्ये वीतभर पाणी. पणतीच्या उजेडात काहीतरी नारिंगी हललं म्हणून वाकून पाहिलं. ओरांडा जातीचा गोल्डफिश, डोक्यावर टोप असलेला. पर अंगाला चिकटलेले, शेपटीत लाल रेघा, अंगावर पांढरट साय. घड्याळ लावून कल्ल्यांची उघडझाप मोजली, मिनिटाला ११८. ही नोकरीतली सवय, सुटत नाही.

पुण्याला फोन केला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, सगळं पाणी फेका, टँक धुऊन नळाचं, नर्मदेचं पाणी भरा. नाही जगला तर दोनशे रुपयांत नवीन आणू." यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात त्यांनी हेच केलं होतं. मी नको म्हणत असताना टँक लख्ख घासला, नळाची नळी थेट आत सोडली आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही मासे उलटे तरंगत होते. तेव्हापासून सगळ्यांना सांगतात, इंदूरचं पाणी माशांना चालत नाही. पुतणी त्या रात्री जेवली नव्हती.

पाणी चालतं. घाई चालत नाही. माशाच्या अंगातून अमोनिया सतत बाहेर पडतो. चालू टँकमध्ये जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, त्यात आम्ल तयार होतं. पाणी महिनोन्महिने बदललं नाही की पाण्यातला क्षार संपतो, पीएच (हा आकडा जितका कमी तितकं पाणी आम्लयुक्त) सहाच्या आसपास किंवा त्याखाली जातो आणि जिवाणूही मंदावतात. अमोनिया साठत जातो, पण आम्लयुक्त पाण्यात तो बहुतेक अमोनियम रूपात असतो, ते फारसं विषारी नाही. मासा त्यातच कसाबसा तग धरून असतो. आमचं नर्मदेचं पाणी मुळात क्षारीय. ते बादलीभर एकदम ओतलं की पीएच वर चढतो, आणि पीएच एकने वाढला की विषारी अमोनियाचा हिस्सा जवळपास दहापट होतो. म्हणजे तुम्ही स्वच्छ पाणी घालताय आणि मासा त्याच स्वच्छ पाण्यात मरतो. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माणसांसाठी हवंच. पण कल्ल्यांना ते जाळतं.

वॉर्डात आम्ही उपाशी राहिलेल्या पेशंटला पहिल्या दिवशी पोटभर जेवू घालत नाही, घसरलेलं सोडियमसुद्धा एका रात्रीत वर ओढत नाही. शरीर वाईटाशीही जुळवून घेतं, तिथून त्याला सावकाश परत आणावं लागतं. माशाचं शरीर वेगळं कशाला असेल?

दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून सलाइनचा सेट आणला. घरून रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी बादलीत नेलं, स्टुलावर बादली ठेवली, नळीचं एक टोक बादलीत आणि दुसरं टँकच्या कडेला चिकटपट्टीने लावलं. चाकी फिरवून सेकंदाला दोन थेंब. साध्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिली, त्या हिशोबाने तासाला ३६० मिली, दिवसभरात साडेआठ लिटर. दीड दिवस माझी ये-जा चालू होती. थेंब पडताना जो बारीक टपटप आवाज होतो, त्याच्या बाजूला मासा तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन उभा होता. तळावर नाही, मधल्या पाण्यात, सरळ.

पंपाचा स्पंज बाहेर काढला तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास आला. तो तसाच चालू करू नका, बंद पडलेल्या फिल्टरमधली घाण सगळी पाण्यात येते. टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, नळाखाली नाही. एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, मात्र लगेच लावा. पहिले तीन दिवस खायला काही दिलं नाही. चौथ्या दिवशी उकडलेल्या मटारचं साल काढून अर्धा दाणा, बोटांत चुरून. त्याने तो तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला. पातळी भरल्यावर रोज दहा टक्के पाणी बदललं, पुढे वीस. अठराव्या दिवशी कल्ले ७४.

औषध विचारलंत ना? मी फक्त मीठ घातलं, लिटरला एक ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून. त्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत कमी शिरतं. दुकानदार निळं औषध देईल, मिथिलीन ब्लू. टँकमध्ये ओतू नका, ते फिल्टरचे जिवाणूही मारतं. टँकमध्ये झाडं असतील तर मीठ घालण्याआधीही विचार करा.

हे सगळं तुमचं पाणी खरोखर आम्लयुक्त झालं असेल तर. आधी पीएच आणि अमोनियाचा किट आणून बघा. पीएच सात-साडेसात असेल आणि अमोनिया जास्त दिसत असेल तर उलट करायचं, क्लोरीन उडालेलं, त्याच तापमानाचं पाणी घेऊन रोज पंचवीस टक्के बदला. पाणी रात्रभर ठेवून क्लोरीन उडतं, काही ठिकाणी त्याऐवजी घालतात ते क्लोरामाइन उडत नाही. तुमच्या गावात ते घालत असतील तर दुकानातलं अँटिक्लोर लागेल. पूर्वी फोटो स्टुडिओत हायपो म्हणून मिळायचं तेच, सोडियम थायोसल्फेट. आणि खवले अननसासारखे उभे राहिले असतील तर मी खोटी आशा देणार नाही, त्यातून क्वचितच वाचतात.

भाऊजी पुढच्या दिवाळीत आले. ओरांडा आमच्या लोकमान्यनगरच्या घरी, त्याच नर्मदेच्या पाण्यात. बघून म्हणाले, "नशीबवान आहे." मी सलाइनचा सेट कपाटातून काढून त्यांच्या हातात दिला. पुतणीने तो माझ्याकडून मागून घेतला आणि चाकी कशी फिरवायची ते विचारलं.

आज रात्री एअर स्टोन लावा, टँकवर कापड टाकून अंधार करा. कल्ले मोजून आकडा लिहून ठेवा, सकाळी परत मोजा आणि दोन्ही आकडे मला इथे कळवा.