वाचकांचे प्रश्न : बाथरूममधला गिझर, बाळंतिणीची शेगडी

प्रश्न : बाथरूममध्ये सहा लिटरचा गॅस गिझर आहे. आंघोळीनंतर मुलीचं डोकं दुखतं, एकदा भोवळही आली. गळती नाही. एक्झॉस्ट फॅन पुरेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : गिझर आजच बंद करा. ही लक्षणं कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची असू शकतात. त्याला रंग नाही, वास नाही. गळतीचा वास गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. ज्योतीत तेही जळून जातं.

असा गिझर पूर्ण आचेवर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो, आणि त्याला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांना झाली २ घनमीटर. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये हवाच साडेपाच घनमीटर! प्राणवायू घटला की गॅस अर्धवट जळतो, ज्योत पिवळी पडते आणि हा वायू भराभर तयार होतो.

नुसत्या पंख्याने भागणार नाही. हवा आत यायला वाट नसेल, तर गिझरच्या धुराड्यातला धूर तो उलटा आत ओढतो. गिझर आणि सिलिंडर उघड्या बाल्कनीत हलवा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्या. ते होईपर्यंत पाणी दुसरीकडे तापवून बादलीने न्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेताना ‘ईएन ५०२९१’ हे मानक पाहा. गॅसगळतीचा अलार्म इथे कामाचा नाही.

आतून कुणी ओ देत नसेल, तर दार तोडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना गिझरचं आवर्जून सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवतो, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूचंच वाटतं.

प्रश्न : लेक बाळंतपणाला आली आहे. शेकायला कोळशाची शेगडी खोलीत ठेवते. निखारे फुलले की धूर नसतो, मग चालेल ना? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, ताई. धूर गेला तरी फुललेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येतच राहतो, आणि राख धरलेली शेगडी रात्रभर धुमसते. तान्हं बाळ मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतं, त्यामुळे त्याला आधी बाधतं. शेगडी अंगणातच राहू द्या. शेकायला तव्यावर गरम केलेलं फडकं किंवा गरम पाण्याची पिशवी घ्या. आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा.