डोंगरपायथ्याच्या गावी जाताना

प्रश्न : डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या छोट्या गावी दोन दिवस मुक्काम आहे. पहिल्याच दिवशी दुपारी पोहोचून जवळचं शिखर उरकून घ्यावं का?

उत्तर : नको. शिखर दुसऱ्या दिवशी पहाटेसाठी ठेवा. सकाळच्या उन्हाने उतार तापतात, दमट हवा वर चढते आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात दुपारनंतर माथ्यावर ढग जमून विजा कडाडू लागतात. वेळेचा अंदाज असा काढा : सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला १ तास जादा. म्हणजे ६ किलोमीटरची वाट आणि ९०० मीटर चढ असेल तर साधारण पावणेतीन तास. हा हिशेब सराव असलेल्यांचा, तोही न थांबता चालणाऱ्यांचा. मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर चार तास धरा. पहिल्या दुपारी गावात फिरा, वाटेची आजची स्थिती तिथल्याच माणसांना विचारा. आणि दरीत सूर्य डोंगराआड लवकर जातो, हे विसरू नका.

प्रश्न : मागच्या वेळी घाट उतरताना जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल मऊ लागू लागलं. असं का झालं?

उत्तर : पाय सतत ब्रेकवर राहिला की पॅड तापून पकड सुटते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याने ओलावा शोषलेला असतो. ते उकळून वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, म्हणून पेडल आत जातं आणि गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक ठामपणे दाबा, वेग कमी करा, पाय काढा. न्यूट्रल करू नका, इंजिन तर मुळीच बंद करू नका; ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. वास आलाच तर सुरक्षित जागी गाडी उभी करून अर्धा तास निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकू शकते. पेडल तरीही मऊ राहिलं तर गाडी पुढे नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न : गरम कपडे किती घ्यावेत?

उत्तर : दर १,००० मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. गावाचं नव्हे, माथ्याचं तापमान धरून कपडे भरा. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, वर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. चढताना घाम येण्याआधीच एक थर काढा. ओला कपडा माथ्यावरच्या वाऱ्यात झपाट्याने गारठवतो.