चौथ्या दिवशी लिही

धरमपेठ, नागपूर

बेटा,

तुझी शंभर सिनेमांची यादी दोनदा वाचली. प्रत्येकापुढे दहापैकी मार्क, तेही दशांशात: ८.४, ८.६, ९.१. मेहनत दिसते. पण पहिले वीस सिनेमे मी यादी न उघडताही सांगितले असते. हल्ली ते सगळ्यांच्याच यादीत त्याच क्रमाने असतात. तू मला दिसलीस ती थेट सत्तेचाळिसाव्या नंबरवर. त्या सिनेमापुढे तू पेन्सिलीने 'आईसोबत' असं लिहिलं आहेस. शंभर ओळींत तेवढा एकच शब्द तुझा वाटला, म्हणून हे पत्र.

आधी ते दशांश काढून टाक. ८.४ आणि ८.६ यांत फरक काय, हे विचारलं तर तुला सांगता येणार नाही, मलाही कधी आलं नाही. कॉलेजात असल्यापासून मी वहीत शंभरपैकी मार्क देत होतो. एका दिवाळीत जुन्या वह्या काढल्या, तर ७२ मार्कांच्या एका पिक्चरमधलं काहीही आठवेना आणि ५५ मार्कवाला डोळ्यांपुढून हलेना. तेव्हापासून मी दोन सिनेमे समोरासमोर ठेवतो आणि एकच विचारतो: यातला एक माझ्या आठवणीतून कायमचा पुसायचा झाला, तर कोणता पुसू देणार नाही? 'पुन्हा कोणता पाहशील' असं मात्र विचारू नको. काही सिनेमे दुसऱ्यांदा पाहवत नाहीत आणि तरी सोडवत नाहीत.

नवा सिनेमा पाहिलास की यादीच्या मधोमध सुरुवात कर. पन्नासाव्याशी त्याची गाठ घाल. वरचढ ठरला तर पुढे पंचविसाव्याशी, नाही तर पंचाहत्तराव्याशी. असं अर्धं-अर्धं करत गेलीस की शंभरांच्या यादीत फार तर सात प्रश्नांत त्याची जागा सापडते.

पण हे सगळं चौथ्या दिवशी. टॉकीजमधून बाहेर पडतो तेव्हा पार्श्वसंगीत कानात असतं, सोबतच्याचं मत त्याहून मोठ्याने कानात असतं, आणि तिकिटाला किती गेले हेही मनात असतं. त्या रात्री काही लिहू नको, कुणाचं परीक्षण वाचू नको. चौथ्या दिवशी वही उघड आणि जे आठवतं ते लिही. गोष्ट लिहू नको. एखादं दृश्य, एखादा आवाज, कुणाच्या हाताची हालचाल.

'कोर्ट' हा मराठी सिनेमा एप्रिल २०१५मध्ये लागला तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो, कारण त्यात ज्याच्यावर खटला चालतो त्या लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. परत येताना नाराज होतो. कॅमेरा जागचा हलत नाही, तारखांवर तारखा पडतात, घडत तर काहीच नाही, असं तुझ्या काकूजवळ बोललोही. त्या रात्री नंबर दिला असता तर तो पार तळाला गेला असता. चौथ्या दिवशी वही घेऊन बसलो आणि सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं तो प्रसंग आठवला. लोक निघून जातात, दिवे विझत जातात, पडदा काळा होतो. मला वाटलं होतं, संपला. पण सिनेमा पुढे न्यायाधीशांसोबत त्यांच्या सहलीला जातो. तिथे ते बाकावर डुलकी घेत असतात, पोरं ओरडून त्यांना जागं करतात आणि ते एकाच्या थोबाडीत मारतात. शाहिराच्या खटल्याचा निकाल त्या चापटीत आहे, असं मला त्या चौथ्या दिवशी वाटलं आणि आजही वाटतं. कॅमेरा हलत नव्हता, कारण मला कोर्टातल्या बाकावर बसवलं होतं आणि तिथून उठायची मुभा कुणालाच नसते. हे मला रात्री कळलं नव्हतं. एप्रिल २०२१मध्ये वीराभाऊ गेले, त्या दिवशी ते पान पुन्हा वाचलं. नंबर हलवावा लागला नाही. माझ्या यादीत तो तिसरा आहे.

आपल्या गावाचं प्रेम हा वेगळा विषय, आणि इथे जरा जपून चाल. 'झुंड' आला तो मार्च २०२२मध्ये. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असताना वस्तीतल्या पोरांना फुटबॉलकडे वळवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला, नागपुरात चित्रित झालेला, वस्तीतल्या पोरांना घेऊन केलेला. आपली बोली एवढ्या मोठ्या पडद्यावर ऐकली आणि माझा ऊर भरून आला. तो आनंद खरा होता, पण तो सिनेमाचा किती आणि नागपूरचा किती, हे ठरवायचं होतं. मग स्वतःला विचारलं: हेच सगळं इंदूरमध्ये घडलं असतं तर? पावसात प्लास्टिकच्या डब्याला लाथा मारत खेळणारी पोरं तेव्हाही तितकीच आवडली असती. वस्ती आणि कॉलेज यांच्या मधली भिंत तेव्हाही तितकीच टोचली असती. कागदपत्रांसाठी वणवण करणाऱ्या आदिवासी बाप-लेकीचा भाग माझ्या काही मित्रांना लांबलेला वाटला. मला तो सिनेमाचा कणा वाटतो. या तीन गोष्टींवर मी नंबर दिला आणि बोलीचा आनंद पानाच्या कडेला वेगळा लिहिला. दोन्ही ठेव, पण एकात एक मिसळू नको. तुझं 'आईसोबत' हे असंच कडेला लिहायचं आहे, आणि ते खोडायचं नाही.

कुठे आणि कसा पाहिला हेही लिही. विशीत असताना मे महिन्यातल्या एका दुपारी मी एक सिनेमा पाहिला. कूलर बंद, प्रिंट ओरखड्यांची, मध्येच उड्या मारणारी. बाई घर सोडून का गेली तेच कळेना. मी त्याला 'तुटक, अर्थहीन' असं लिहून तळाला टाकलं आणि पुढची अठरा वर्षं लोकांना तेच सांगत राहिलो. मग पूर्ण प्रत पाहायला मिळाली. तिच्या जाण्याचा अख्खा प्रसंग मी पाहिलेल्या प्रिंटमध्ये नव्हताच. त्या दिग्दर्शकावर मी अन्याय केला, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून सांगतो, अर्धा फोनवर बसमध्ये आणि अर्धा दुसऱ्या दिवशी जेवताना पाहिलेल्या सिनेमाला नंबर देऊ नको. त्यांच्यासाठी मागे एक पान ठेव.

नंबर बदलला तर जुना खोडरबराने पुसू नको, एक रेघ मार आणि तारीख टाक. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी आजवरचा सर्वोत्तम सिनेमा कोणता यावर जगभरच्या समीक्षकांची मतं घेतं. पहिल्या खेपेला 'बायसिकल थीव्ज' पहिल्या नंबरवर होता. १९६२पासून २००२पर्यंत 'सिटिझन केन' तिथून हलला नाही. २०१२मध्ये 'व्हर्टिगो' आला आणि २०२२मध्ये शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'ज्यान डीलमन'. तीन तासांहून मोठा, एका बाईच्या घरातल्या तीन दिवसांचा, त्यात तिचं बटाटे सोलणंसुद्धा सावकाश दाखवलेलं. तो १९७५चा आहे, आपला 'शोले' ज्या वर्षी आला त्याच वर्षाचा. वर पोहोचायला त्याला ४७ वर्षं लागली. आणि 'शोले'ला तरी काय, फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, एम. एस. शिंदे यांना संकलनासाठी. जुने नंबर पुसले असते तर हा प्रवास कुणाला दिसला असता? तुझ्या वहीतही तू कधी, कशामुळे बदललीस हे तुला दिसलं पाहिजे.

रविवारी सकाळी ये. तर्री-पोहे खायला जाऊ. येताना यादी आणू नको. तो सत्तेचाळिसावा सिनेमा पाहताना आई कुठे हसली, कुठे गप्प झाली, आणि तेव्हा तू पडद्याकडे पाहत होतीस की तिच्याकडे, एवढं आठवून ये.

तुझे,
काका