वाचक विचारतात : 'वारिओ लँड' हलवायचा कसा?

मागच्या अंकात सुट्टीत घरातल्या सगळ्यांना खेळता येतील अशा गेम्सची यादी दिली होती. तीत निन्टेंडो या जपानी कंपनीच्या 'वी' या कन्सोलवरच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरच्या, 'वारिओ लँड: शेक इट!'चं नाव होतं. सोलापुरातून आलेले बहुतेक प्रश्न याच एका गेमबद्दल आहेत, म्हणून हे सदर पूर्ण त्याच्यासाठीच ठेवलं आहे.

मारिओ माहीत आहे, पण हा वारिओ कोण? आठ वर्षांच्या नातीला हा गेम चालेल का? आणि इतका चांगला असेल तर आजवर नाव कसं ऐकलं नाही?
— एक आजी, जुळे सोलापूर

वारिओ म्हणजे मारिओचा धिप्पाड, पैशाचा हावरा प्रतिस्पर्धी. तो 1992 सालापासून निन्टेंडोच्या गेम्समध्ये आहे. हा गेम 2008चा. जपानमध्ये जुलैत आला, अमेरिकेत आणि युरोपात सप्टेंबरात. गुड-फील या जपानी कंपनीनं तो बनवला आणि सगळी चित्रं हातानं काढली. मधले कार्टूनचे प्रसंग प्रॉडक्शन आय. जी. या नावाजलेल्या ॲनिमेशन स्टुडिओचे आहेत. म्हणूनच त्या काळचे थ्रीडी गेम्स आज जुनाट दिसतात आणि हा अजून ताजा वाटतो.

नातीला बिनधास्त द्या. अमेरिकेत त्याला सर्वांसाठी योग्य असा 'ई' दर्जा मिळालेला आहे. रक्त नाही, बंदुका नाहीत. वारिओ शत्रूला उचलतो, गदागदा हलवतो आणि फेकतो, एवढीच मारामारी. इंग्रजी वाचता आलं नाही तरी अडत नाही.

तो मागे का पडला? आमच्या मते नावामुळेच. 'शेक' शब्दावर भर, जाहिरातही तशीच. यूट्यूबवरच्या जाहिरातीत वारिओच्या धक्क्यांनी व्हिडिओभोवतालचं अख्खं पान कोसळायचं. लोकांना वाटलं, हा हात दुखवणारा पोरखेळ असणार. प्रत्यक्षात बटणांवर चालणारा, नीट विचार करून रचलेला, उड्या मारत पुढे जायचा गेम आहे हा. हलवण्याचं काम त्यात मोजक्या जागी येतं, आणि जिथे येतं तिथे शोभतं.

मुलीनं अमेरिकेहून 'वी' पाठवला आहे. अजून प्लग लावलेला नाही. काही काळजी घ्यावी का?
— एक वाचक, विजापूर रोड

लावला नाहीत हे फार बरं केलंत. आधी अडॅप्टरच्या पाठीवरचं लेबल वाचा. अमेरिकन अडॅप्टरवर इनपुट 120 व्होल्ट असं लिहिलेलं असतं. आपल्या भिंतीत 230 व्होल्ट आहेत. पिन बदलणारा कन्व्हर्टर लावून तो खोचला की अडॅप्टर त्याच क्षणी गेला समजा. पिनेचा कन्व्हर्टर फक्त आकार बदलतो, व्होल्टेज नाही. परदेशातून आलेले 'वी' बंद पडण्याचं हे एक नेहमीचं कारण. बऱ्याचदा आतला कन्सोल शाबूत असतो आणि नुसता अडॅप्टर जळालेला असतो, त्यामुळे असा 'वी' भंगारात टाकण्याआधी दुसऱ्या अडॅप्टरवर लावून पाहा.

दोन मार्ग आहेत. युरोपात विकला जाणारा 220-240 व्होल्टचा 'वी'चा अडॅप्टर घ्यायचा. त्याचं आउटपुट 12 व्होल्ट, 3.7 अँपिअर असलं पाहिजे. किंवा 230चे 110 करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, किमान 100 वॅटचा. पहिला मार्ग सुटसुटीत आहे. कन्सोलच्या बाजूची पिन 'वी'ची स्वतःची, वेगळ्या घडणीची असते. दुसऱ्याच कुठल्या अडॅप्टरची वायर कापून जोडायचा प्रयोग नको.

दुसरी गोष्ट डिस्कची. 'वी'ला प्रदेशाचं कुलूप आहे. अमेरिकन कन्सोलवर युरोपची किंवा जपानची डिस्क चालत नाही. जुनी डिस्क विकत घेताना डब्यावरचा वयाचा शिक्का पाहा. ईएसआरबीचा असेल तर अमेरिकन, पेगीचा असेल तर युरोपीय. शिवाय युरोपात या गेमचं नावच वेगळं आहे, 'वारिओ लँड: द शेक डायमेन्शन'. तुमचा कन्सोल अमेरिकन आहे, म्हणजे तुम्हाला 'शेक इट!' नावाचीच डिस्क हवी. कुणाकडे 'वी यू' हा 'वी'नंतरचा कन्सोल असेल तर त्यावरही 'वी'च्या डिस्क चालतात, रिमोट मात्र 'वी'चाच लागतो. प्रदेशाचा नियम तिथेही तोच.

नव्या एलईडी टीव्हीला तीन रंगांच्या पिना लावायला जागाच नाही. एक छोटं गोल भोक आहे, त्यात वायर जोडली तर आवाज येतो, चित्र येत नाही.
— एक पालक, होटगी रोड

ते गोल भोक म्हणजे 3.5 मिलिमीटरचं एव्ही इन. त्यासाठी एका टोकाला तशी पिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी, लाल अशा तीन मादी पिना असलेली वायर लागते. मेख अशी की त्या पिनेवरच्या कड्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. म्हणून 'वी'ची पिवळी पिन लाल जागी आणि मग पांढऱ्या जागी लावून पाहा. बहुतेक वेळा कुठल्या तरी एका जागी चित्र येतं. टीव्हीच्या सोर्समध्ये एव्ही निवडलेलं आहे ना, तेही बघा.

याहून बरं म्हणजे 'वी'च्या मागे थेट बसणारा छोटा एचडीएमआय अडॅप्टर. तो लावल्यावर 'वी'च्या सेटिंग्जमध्ये स्क्रीन, मग टीव्ही रिझोल्युशन इथे जाऊन 480पी निवडा. 'वी' यापेक्षा जास्त देऊच शकत नाही, तेव्हा 'फुल एचडी करून देतो' म्हणणाऱ्याला जास्त पैसे देऊ नका. टीव्हीत गेम मोड असेल तर तो चालू करा. नाहीतर उडीचं बटण दाबल्यावर वारिओ किंचित उशिरा उडतो आणि दोष पोराच्या हातावर येतो.

माझा मुलगा रिमोट इतक्या जोरात हलवतो की भीती वाटते. तरी गेममधल्या पिशवीतली नाणी कधी पडतात, कधी नाही. फेकताना तर नेम हमखास चुकतो.
— एक आई, अक्कलकोट रोड

जोर हाच इथला घोटाळा आहे. रिमोटमध्ये धक्का मोजणारा एक चिमुकला सेन्सर असतो, ॲक्सिलरोमीटर. त्याची मोजण्याची हद्द साधारण 3 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट. त्यापुढचा जोर त्याला कळतच नाही. हात खांद्यापासून फिरवला की एक मोठा धक्का होतो आणि मग बराच वेळ काहीच नाही. गेमला हवे असतात छोटे, लागोपाठ धक्के.

रिमोट आडवा, दोन्ही हातांत धरा. डावा अंगठा दिशेच्या बटणावर, उजवा 1 आणि 2 वर. 2नं उडी, 1नं धडक. आता ज्वारी पाखडताना सूप कसं धरतो ते आठवा. कोपर अंगाशी, हालचाल मनगटातून, चार बोटं वर आणि चार बोटं खाली, एका लयीत. एवढंच पुरे. आजीला दोन मिनिटं रिमोट द्या, मुलगा तिच्याकडूनच पटकन शिकेल. वारिओ जमिनीवर उभा असताना हाच झटका दिला की तो भुईवर ठोसा मारतो. आसपासचे शत्रू गडबडतात, काही ठोकळे खाली येतात. शत्रूला उचलून हलवलं की लसूण पडतो, आणि लसूण खाऊन वारिओची गेलेली शक्ती परत येते.

आता नेमाचं. फेकताना रिमोट तिरका करून दिशा ठरवायची असते. रिमोटला तिरकेपणा कळतो तो गुरुत्वाकर्षणाची ओढ कुठल्या बाजूला आहे त्यावरून. हात हलत असेल तर हाताचा झटका कुठला आणि पृथ्वीची ओढ कुठली हे सेन्सरला वेगळं करता येत नाही. म्हणून हलवून झाल्यावर हात क्षणभर अगदी स्थिर ठेवायचे, मग हळू तिरका करायचा आणि मग फेकायचं. पाणबुडी चालवताना आणि तोफेतून सुटतानाही असंच. तिथे झटका नको, सायकलचं हँडल वळवावं तसा रिमोट सावकाश कलवा.

मनगटाची दोरी आणि रबरी कव्हर काढू नका. 'वी' आल्या आल्याच जुन्या दोऱ्या तुटू लागल्या होत्या, म्हणून डिसेंबर 2006मध्ये निन्टेंडोनं जाड दोऱ्या बदलून दिल्या आणि पुढच्या वर्षी कव्हर दिलं. टीव्हीपासून आणि बाजूच्या माणसापासून दोन हात अंतर ठेवा.

एवढं करूनही रिमोटचा संपर्क मधूनच तुटत असेल तर सेल बघा. दोन साधे पेन्सिल सेल लागतात. अल्कलाइन घ्या, किंवा चार्ज होणारे, त्यांचे 1.2 व्होल्ट रिमोटला चालतात. स्वस्तातले सेल आपल्या उन्हाळ्यात फार लवकर पाझरतात. पाझरून पत्र्यावर पांढरी भुकटी आली असेल तर ती अल्कलाइन सेलची असते. कापसाच्या काडीला व्हिनेगरचा एक थेंब लावून पुसा, मग कोरड्या काडीनं, आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला. परीक्षेच्या दिवसांत गेम बंद राहणार असेल तर सेल काढूनच ठेवा.

पिंजऱ्यातल्या बाळाला सोडवलं की घड्याळ सुरू होतं आणि आम्ही परत पोचेपर्यंत वेळ संपते. काही युक्ती?
— दोघी बहिणी, इयत्ता सातवी आणि पाचवी

छान प्रश्न, कारण या गेमचा जीव इथेच आहे. लेव्हलच्या शेवटी पिंजऱ्यात मरफल, म्हणजे तुमचं ते 'बाळ', असतो. पिंजरा हलवून फोडला की उलटी मोजणी सुरू होते, आणि सुरुवातीच्या जागी परत यायचं असतं. जाताना बंद असलेल्या वाटा येताना उघडतात, कुठे नवे ठोकळे येतात. म्हणजे एकाच नकाशात दोन गेम लपवलेले आहेत.

म्हणून जाताना घाई अजिबात करू नका. घड्याळ चालू नसतं, तेव्हाच सगळं हिंडून घ्या. नाण्यांच्या पिशव्या जातानाच रिकाम्या करा. येताना पिशवी हलवत उभं राहिलात की पाच-सहा सेकंद गेलेच. विनाकारण बंद दिसणारी वाट किंवा हाताला न लागणारी उंच जागा दिसली की ती लक्षात ठेवा, बहुधा ती परतीची आहे.

येताना वारिओला सुसाट पळवणारं एक यंत्र भेटतं. त्यात शिरलं की तो वाटेतले ठोकळे फोडत धावतो. ही धाव मोडू द्यायची नाही. भक्कम भिंतीवर आपटलात की संपली, आणि मग चालत जाऊन वेळ पुरत नाही. यंत्राचा वेग असतानाच पोचता येतील अशा जागा मुद्दाम ठेवलेल्या आहेत. धाव मोडली तर हळहळत पुढे जाण्यापेक्षा, यंत्र जवळ असेल तर मागे जाऊन पुन्हा त्यात शिरणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

प्रत्येक मुख्य लेव्हलमध्ये तीन खजिने असतात, शिवाय अमुक नाणी मिळवा, अमुक वेळेत या, मार न खाता या, अशी छोटी कामंही असतात. सगळं एका फेरीत करायला जाऊ नका. पहिल्या फेरीत फक्त परत या. दुसरीत खजिने शोधा. वेळेचं काम तिसरीत, वाट पाठ झाल्यावर. मिळालेली नाणी जपून वापरा, कारण पुढच्या प्रदेशाचा नकाशा दुकानातून त्याच नाण्यांनी घ्यावा लागतो. हा गेम लवकर संपतो अशी तक्रार करणारे सहसा पहिल्याच फेरीवर थांबलेले असतात.

टीव्हीखालची सेन्सरची पट्टी उंदरानं कुरतडली. आता गेम चालणार नाही का?
— एक वाचक, बाळे

गेम चालेल, तो प्रामुख्यानं बटणं आणि धक्के यांवरच आहे. अडतं ते मेनूमध्ये डिस्क निवडताना, कारण तिथे पडद्यावर बाण दाखवावा लागतो. ती पट्टी काही ओळखत नाही. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात आणि ते पाहणारा कॅमेरा रिमोटच्या नाकात असतो. म्हणून नवी पट्टी मिळेपर्यंत टीव्हीपुढे एकमेकांपासून वीसेक सेंटिमीटर अंतरावर दोन निरांजनं लावली तरी बाण येतो. मोठ्या माणसानं लावायची, पडदे दूर, आणि गेम सुरू झाला की विझवायची. याच कारणानं, टीव्हीमागच्या खिडकीतून दुपारचं ऊन येत असेल तर चांगल्या पट्टीवरही बाण थरथरतो. पडदा ओढा.

डिस्क आत जाते, गुरगुरते आणि परत येते.
— मजरेवाडी

डिस्क मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. दुसरी डिस्क चालते का पाहा. तीही परत आली तर बहुधा कन्सोलमधल्या भिंगावर धूळ आहे. कन्सोल धुळीपासून झाकायला चादर जरूर घाला, पण तो बंद असतानाच. चालू कन्सोलवर चादर म्हणजे भट्टी. बंद केल्यावरही पिवळा दिवा राहत असेल तर सेटिंग्जमध्ये वीकनेक्ट24, म्हणजे कन्सोल बंद असतानाही इंटरनेटला जोडून ठेवणारी सेवा, बंद करा. ती सेवा 2013मध्येच संपली, उगाच कन्सोल गरम राहतो. दिवा लाल झाला की ठीक.

दोघांना एकदम खेळता येतं का? नसेल तर असाच दुसरा कुठला?
— एक शिक्षक, सात रस्ता

एकदम नाही, हा एकट्याचाच गेम आहे. पण रचनेतच सोय आहे. जायची वाट एकानं खेळायची, पिंजरा फुटला की रिमोट दुसऱ्याच्या हातात. ज्याच्या हाती रिमोट नाही त्यानं वाटा लक्षात ठेवायच्या आणि ओरडून सांगायच्या.

दोघांसाठी हवा असेल तर याच गुड-फीलनं 2010मध्ये 'वी'साठी बनवलेला 'कर्बीज एपिक यार्न' घ्या. सगळं जग लोकर, बटणं आणि कापडाचं. चादरी-टॉवेलच्या गावातल्या पोरांना तर तो ओळखीचाच वाटेल. त्यात वारिओसारखी हलवाहलवी नाही आणि खेळाडू मरत नाही, त्यामुळे पाच वर्षांचं मूलही साथीला बसू शकतं. त्याच वर्षीचा 'डाँकी काँग कंट्री रिटर्न्स' दोघांचाही आहे आणि हलवायचाही, पण तो बराच अवघड आहे. वारिओच्या परतीच्या वाटा हाताला बसल्यावरच तो आणा.