बोनस दिला, तरी तुकडा का वाढला?

प्रश्न : आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. मजुरी वाढवली, चवथीला बोनस दिला. उत्साह महिनाभर टिकला. मग सोलणाऱ्या बायकांना किलोमागे जादा पैसे लावले. माल वाढला, पण पाकळी (दोन फाका झालेला गर) आणि तुकडाही वाढला. काय करावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली मांडले, की मजुरी, बसायची जागा, मुकादमाचे वागणे यांत उणे असले की माणूस कुरकुरतो, ते पुरेसे असले की कुरकुर थांबते, एवढेच. उत्साह ओसरला तो यामुळे. अर्थात त्यांनी मुलाखती घेतल्या त्या अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या. रोजंदारीवर पोट असलेल्यांना मजुरी गौण वाटते असा अर्थ काढू नका.

तुकड्याचे कारण वेगळे. तुम्ही वजनाला पैसे लावलेत, वजन मिळाले. जादा पैसे अख्ख्या गरालाच लावा. पण त्याआधी बोर्मा, म्हणजे गर सुकवायची भट्टी, तपासा. व्हिक्टर व्रूम (१९६४) यांच्या मते माणूस मनात गुणाकार करतो : झटलो तर जमेल का, जमले तर मोबदला मिळेल का, आणि त्या मोबदल्याची मला किंमत किती. एक शून्य आले की सगळे शून्य. गर कमी सुकला तर साल चिकटून राहते, जास्त सुकला तर ठिसूळ होऊन हातातच फुटतो. असा माल कितीही जपून सोलला तरी तुटणारच. तिथे दर वाढवून उपयोग नाही.

वाटपही पाहा. १८० नंबरचे गर पौंडाला १८० पर्यंत बसतात, ३२० नंबरचे ३२० पर्यंत. म्हणजे किलोला सुमारे ४०० आणि ७००, दर मात्र एकच! बारीक माल जिच्या वाट्याला येतो ती शेजारणीशी ताडून पाहते आणि हात आखडता घेते. जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांचा समन्यायाचा सिद्धांत नेमका हाच. आकाराप्रमाणे दर लावा, नाहीतर माल पाळीपाळीने द्या.

मग रोज प्रत्येकीचा अख्खा, पाकळी, तुकडा वेगळा तोलून संध्याकाळीच तिला सांगा. दोन आठवड्यांच्या सरासरीवरून लक्ष्य ठरवा. ‘जपून सोला’ म्हणण्यापेक्षा ‘अख्खा ८० टक्क्यांवरून ८३’ असे सांगितलेले चालते. एडविन लॉक यांच्या संशोधनाचा रोख हाच आहे. फळ्यावर नावे मात्र नकोत.

प्रश्न : प्रशिक्षणात दाखवतात तो मास्लोचा गरजांचा पिरॅमिड (तळाशी अन्न-निवारा, टोकाला आत्मविकास) कितपत खरा?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : अब्राहम मास्लो यांच्या १९४३ च्या लेखात पिरॅमिड नाहीच, तो नंतर इतरांनी काढला. गरजांचा क्रम ताठर नसतो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.