हिडकलच्या पाण्यात काईटसर्फिंग शिकवावं काय?

प्रश्न : ताई, आम्ही खानापूरकडची पोरं, वीकेंडला ट्रेकिंग करतो. गोव्यातला एक ओळखीचा काईटसर्फिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीनं फळीवर उभं राहून पाण्यावर धावायच्या खेळाचा, शिक्षक इकडं येऊन शिकवायला तयार आहे. दरवेळी चोर्ला घाट उतरून मोरजीला जायचं म्हणजे पेट्रोल, राहणं, खाणं, परवडत नाही हो. राकसकोप नाहीतर हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला नवशिक्यांची बॅच काढली तर चालेल काय? वारा तर तिकडं मस्त असतोय.

उत्तर : राकसकोप डोक्यातनं काढूनच टाका. ते बेळगावच्या प्यायच्या पाण्याचं धरण, तिथं कुणी उतरू देणार नाही आणि देऊही नये. शिवाय पाणी लहान आणि भोवती टेकड्या, त्यामुळं वारा सरळ न येता गिरक्या घेत येतो.

हिडकलचं मात्र नीट बोलूया, कारण पाणी मोठं आहे आणि मोह होणं साहजिक आहे. तुम्ही वारा बघितलात, मी उलटीकडनं सुरू करते. शिकाऊ पोरगं घाबरलं तर ते कुठं जाऊन आदळेल? कारण घाबरलेला माणूस हातातला बार, म्हणजे काईट सांभाळायचा दांडा, सोडत नाही, उलट छातीशी गच्च ओढतो, आणि बार ओढला की काईटची ताकद वाढते, म्हणजे जितकं घाबरेल तितकं जोरात फरफटत जाईल. सोड म्हणून कितीही ओरडा, पहिल्या दिवशी ते डोक्यात शिरत नाही. म्हणून वारा ज्या दिशेला जातो तिकडची बाजू, ज्याला शिकवणारे डाऊनविंड म्हणतात, ती मोकळी पाहिजे म्हणजे पाहिजेच. काईटच्या दोऱ्याच २०-२४ मीटरच्या असतात, तेव्हा पन्नास मीटर मोकळं आहे हे मोकळं नव्हेच, मी तर दोनशे पावलं स्वतः चालून बघितल्याशिवाय काईटमध्ये हवा भरू देत नाही. झाड, कुंपण, होडी, विजेचा खांब, काहीही दिसलं की पुढं सरकायचं.

आता हिडकलला हे लावून बघा. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा, घटप्रभा वाहते पूर्वेला, आणि धरण पूर्वेच्या टोकाला. म्हणजे भिंतीच्या जवळपास शिकवायला उभं राहिलात तर सुटलेलं पोरगं भिंतीकडंच जाणार. वर मागं सरकलात तर काठाकाठानं शेतकऱ्यांच्या मोटारी, त्यांच्या तारा, पाण्यात मच्छीमारांची जाळी. आणि पाण्याखालचं तर दिसतच नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ बाहेर येतं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी जाऊन बघितलं असेल, फोटोही काढले असतील. एक अख्खं देऊळ जिथं बुडतं तिथं विहिरी, भिंती, झाडांचे बुडखे किती असतील याचा जरा विचार करा. नवशिक्याला कमरेएवढं पाणी आणि खाली वाळू पाहिजे, म्हणजे पडला की उभं राहता येतं, काईट परत उचलता येतो, शिक्षक चालत त्याच्यापर्यंत पोचतो. धरणाचा काठ दोन पावलांत खोल होतो, नाहीतर गुडघाभर गाळ, पाय रुतला की निघत नाही. मग प्रत्येक पडण्याला इंजिनवाली बोट लागणार, ती आणि पाटबंधारेवाल्यांची परवानगी धरून हिशेब करा, चोर्ला घाट स्वस्त वाटेल.

हां, पण एक काम गावातच होतं आणि ते करून गेलात तर गोव्यातले दिवस वाचतात. दोन-तीन चौरस मीटरचा ट्रेनर काईट मिळतो, तो जमिनीवर उडवून हात बसवायचा. त्यासाठी बेळगावचं व्हॅक्सिन डेपो मैदान नको, तिथं झाडं आणि सकाळी फिरायला येणारी माणसं. सांबऱ्याच्या बाजूला तर काहीच उडवू नका, विमानतळ आहे. पीक काढलेलं मोकळं रान, मालकाला विचारून, जवळपास तार नाही असं बघून.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, मित्रांबरोबर मोरजी की आश्वेला काईटसर्फिंगचा कोर्स करायचा म्हणतोय. आम्ही निपाणीचे, समुद्रातलं आम्हाला काही कळत नाही. जागा चांगली आहे की नाही हे आईनं किनाऱ्यावर उभं राहून कसं ओळखायचं?

उत्तर : ओळखता येतं, आणि पोहायला येत नसलं तरी ओळखता येतं. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलं आठवतंय का? तेच इथं कामाला येतं. सकाळी जमिनीवरनं समुद्राकडं जातो तो मतलई, त्या वाऱ्यात नवशिक्याला पाण्यात उतरवणारा शिक्षक दिसला तर पैसे परत मागा, कारण काही बिघडलं की मुलगा खोल समुद्राकडं जाणार, आणि काठाजवळ पाणी शांत दिसतं म्हणून हे जास्त फसवं. दुपारनंतर खारा वारा सुटतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्या किनाऱ्यावर तो साधारण वायव्येकडनं येतो, किनारा पश्चिमेला तोंड करून, म्हणजे वारा तिरका, थोडा काठाकडं ढकलणारा. शिकायला हाच हवा. अगदी समोरनं सरळ काठावर येणाराही नको, त्यात पोरगं पाण्यात राहतच नाही, थेट काठावरच्या शॅकच्या, म्हणजे झोपडीवजा हॉटेलांच्या, बांबूंवर.

आणखी एक करा. काठीला चिंधी बांधून किनाऱ्यावर हिंडा. उघड्यावर चिंधी एका दिशेला ताठ राहील. माडांच्या किंवा शॅकच्या आडोशाला गेलात की तीच चिंधी खाली पडेल, उठेल, गोल फिरेल. तिथला वारा तुटलेला असतो. दहा मीटर उंच झाडामागं सत्तर-शंभर मीटरपर्यंत, कधी त्याहून लांब, वारा असाच खराब असतो. काईट तिथं अचानक ढिला पडतो आणि लगेच जोरात ओढतो. काईट उचलायची जागा तुमची चिंधी जिथं ताठ राहते तिथंच पाहिजे.

मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते. ओहोटीला ते पाणी बाहेर ओढतं, त्यामुळं तोंडापासून चांगलं लांब राहायचं, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर जास्तच, कारण तेव्हा भरती-ओहोटी मोठी. मोरजीला कासवं अंडी घालतात, ती कुंपण घातलेली जागाही सोडायची, यात वाद नको. रविवारी जेट-स्की आणि गर्दी, मुलाला आडवारी जायला सांगा.

शिक्षकाला विचारायचं तर एवढंच विचारा, की एका वेळी किती पोरं घेता आणि बोट कुठं आहे. मला विचाराल तर एकाला दोनच्या वर नको. आणि हेल्मेट, जॅकेट घालण्याच्याही आधी क्विक रिलीज, म्हणजे काईट झटक्यात ढिला करायचा तो खटका, डोळे मिटून सापडतो का हे तो मुलाकडनं करून घेतो का, ते लांबनं बघत बसा. मुलगा वैतागेल, वैतागू दे.

प्रश्न : सौंदत्तीला आमच्याकडं जून-जुलैत तुफान वारा असतोय, पवनचक्क्या उगाच नाहीत. नविलतीर्थ धरणाच्या पाण्यावर त्या दिवसांत शिकणं सोपं नाही का जाणार?

उत्तर : नाही हो, उलट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. शिकायला १२ ते १८ नॉट, म्हणजे ताशी साधारण २२ ते ३३ किलोमीटर पुरतो, आणि तोही एकसारखा. पवनचक्की डोंगरावर उंच उभी असते, तिला मिळणारा वारा खाली पाण्यावर तसाच मिळत नाही, डोंगर ओलांडून येताना तो फाटतो. एप्रिल-मेचं वळीव तर याहून वाईट, शांत दुपारी ढग काळे झाले की दहा मिनिटांत सोसाटा आणि वर विजा, तेव्हा दोरीला बांधलेलं काहीच आकाशात नको. गोव्याच्या किनाऱ्यावरही पावसाळ्यात बंदच, १ जून ते ३१ जुलै तर मासेमारीलाही बंदी असते. तुम्हाला खरंच पावसाळ्यातच शिकायचं असेल तर रामेश्वरमकडं बघा, तिथं उथळ सपाट पाणी आहे आणि त्या महिन्यांत वाराही असतो. रेल्वेनं जा, तिकीट मात्र लवकर काढा.