वाचकांचे प्रश्न : साडेपाच पॉइंटवाल्याला परत घ्यायचं का?

प्रश्न : दादा नमस्कार, मी सेकंड इयर इंजिनिअरिंगला आहे, कोथरूडला राहतो. आम्ही चार-पाच मित्र पहाटे उठून एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघतो आणि मग कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भांडतो. सध्याचा विषय असा की बेंचवरून येऊन मॅचला सहा-सात पॉइंट करणाऱ्या प्लेयरचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तर टीमने जास्त पैसे मोजून त्याला परत का घ्यावं? मी म्हणतो स्टार सांभाळा, बाकीचे मिळतात की. मित्र म्हणतो तुला काही कळत नाही. कोण बरोबर? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : मित्र बरोबर आहे, पण त्याने कारण नीट सांगितलेलं दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू पॉइंट मोजतोयस, तिथेच गडबड आहे. अ‍ॅलेक्स करुसो घे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन पोरं निवडतात तेव्हा, कुणी न घेतलेला, एनबीएच्या खालच्या जी लीगमधून वर आलेला पोरगा, २०१९-२० ला लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे त्याची सरासरी साडेपाच पॉइंट. आणि त्याच सीझनच्या फायनलची सहावी मॅच, म्हणजे जिंकलो की ट्रॉफी आपली अशी मॅच, तिला कोच फ्रँक व्होगेलने ड्वाइट हॉवर्डला बसवून करुसोला पहिल्या पाचात उतरवलं, आणि लेकर्स जिंकले! म्हणून माझं पहिलं बघणं हेच असतं की मॅच अटीतटीची झाली की कोच कोणाला कोर्टवर ठेवतो. त्या पाचात जो आहे तो रोल प्लेयर (स्टार नाही, पण ठरावीक काम चोख करणारा) असला तरी त्याला सहज सोडू नये.

लेकर्सने सोडला. २०२१ ला शिकागोने त्याला ४ वर्षांचे ३ कोटी ७० लाख डॉलर दिले आणि तो गेला. आता तू म्हणशील पैसे तर वाचले ना, त्यात दुसरा आणायचा. इथेच खरी मेख आहे. एनबीएत टीमच्या एकूण पगाराला कॅप असते (२०२५-२६ साठी ती साधारण १५ कोटी ४६ लाख डॉलर ठरली होती) आणि मोठे स्टार असलेली टीम बहुतेक वेळा तिच्या वरच असते. कॅपच्या वर गेलं की, ट्रेड म्हणजे खेळाडूंची अदलाबदल सोडली तर, बाहेरचा माणूस आणायला फक्त किमान पगार किंवा एखाद-दुसरी ठरलेली सवलत उरते. पण स्वतःकडे तीन वर्षं असलेल्या प्लेयरला मात्र कॅप ओलांडूनही परत घेता येतं, त्याला बर्ड राइट्स म्हणतात, जुना स्टार लॅरी बर्डच्या नावावरून. हा हक्क पीएमपीच्या फोटोवाल्या पाससारखा आहे बघ, ज्याच्या नावाचा त्याच्यासाठीच, दुसऱ्यावर चालत नाही. करुसो गेला तसा तो हक्कही गेला, पगार एका ठरलेल्या रेघेच्या वर गेले की मालकाला लीगला टॅक्स भरावा लागतो, तो वाचला असेल पण त्या पैशात टीमला दुसरा करुसो आणता येणार नव्हता. लेकर्सने टॅक्सवाल्या टीमला मिळणारी छोटी सवलत केंड्रिक नन्नवर वापरली आणि दुखापतीमुळे तो त्या सीझनला एकही मॅच खेळला नाही. बाकी जागा मुख्यतः किमान पगारवाल्यांनी भरल्या. सीझन संपला ३३ विजय आणि ४९ पराभवांवर, प्लेऑफही (सीझननंतरची बाद फेरी) नाही. सगळं खापर करुसोच्या जाण्यावर फोडणं बरोबर नाही, स्टार गार्ड वेस्टब्रुकला आणणारा ट्रेडही त्याच उन्हाळ्यातला होता, पण डिफेन्सला पडलेलं भगदाड मॅच बघताना दिसायचं.

आणि तो गेला कुठे? २०२४ ला ओक्लाहोमाने जॉश गिडी देऊन त्याला शिकागोकडून घेतला आणि त्याच डिसेंबरमध्ये ४ वर्षांचं ८ कोटी १० लाखांचं एक्स्टेन्शन दिलं. मे २०२५ मधली प्लेऑफची डेन्व्हरविरुद्धची सातवी मॅच परत बघ, शक्यतो बॉलकडे न बघता. सहा फूट पाच इंचाचा हा गार्ड डेन्व्हरच्या धिप्पाड सेंटर योकिचला मार्क करतोय, पाठीमागे नाही तर पुढे उभा राहून, कंबर खाली, हात वर, पास आतच येऊ द्यायचा नाही, आणि वरून लॉब (डोक्यावरून टाकलेला उंच पास) आलाच तर मागून मदतीला दुसरा तयार. ओक्लाहोमा १२५-९३ ने जिंकली आणि पुढे चॅम्पियन झाली. त्या धक्काबुक्कीचा स्कोअरशीटवर कुठेच कॉलम नसतो रे.

आता दुसरी बाजू, कारण कधीकधी टीमला इच्छा असून जमत नाही. ब्रूस ब्राउन हा असाच रोल प्लेयर डेन्व्हरकडे एकच सीझन होता, २०२३ ला चॅम्पियन झाले, पण एका वर्षात पूर्ण बर्ड राइट्स मिळत नाहीत, आधीच्या पगाराच्या १२० टक्केच देता येतात, म्हणजे साधारण ७८ लाख डॉलर. इंडियानाने २ वर्षांचे ४ कोटी ५० लाख समोर ठेवले. डेन्व्हरला दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी डेन्व्हरचा शूटर कॅल्डवेल-पोपही गेला, ऑरलँडोने त्याला ३ वर्षांचे ६ कोटी ६० लाख दिले, आणि तिथे त्याचं थ्री-पॉइंट शूटिंग चांगलंच घसरलं, वर्षभरात त्याला मेम्फिसला पाठवला पण. म्हणून माझं मत असं की पगारात थोडं जास्त गेलं तरी चालेल, वर्षं मात्र जपून द्यावीत, तिशी ओलांडलेल्या शूटरला तिसरं-चौथं वर्ष देताना दहा वेळा विचार करावा. त्यात लीग आणि खेळाडूंच्या २०२३ च्या करारापासून सेकंड अ‍ॅप्रन नावाची पगाराची अजून एक वरची रेघ आलीये, ती ओलांडली की ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करता येत नाहीत, छोटी सवलतही जाते. त्या रेघेवर उभी असलेली टीम कोणाला सोडते तेव्हा लगेच कंजूष म्हणू नकोस, आधी हिशोब बघ.

प्रश्न : आमच्या भागातल्या क्लबची अंडर-१६ मुलींची टीम मी सांभाळते. पुढच्या सीझनला बारा जणी निवडायच्यात. एक मुलगी बास्केट फारसे करत नाही पण डिफेन्सला जीव तोडून पळते. काही पालक म्हणतात तिच्याऐवजी नवीन आलेली उंच मुलगी घ्या. काय करू? — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, तिला ठेवा. तुम्हाला ना कॅप ना टॅक्स, बारा जागा आहेत आणि अडचण फक्त पालकांना पटवून देण्याची आहे. त्यासाठी एक वही करा. प्रॅक्टिस मॅचला ती कोर्टवर आली तेव्हाचा स्कोअर आणि बाहेर गेली तेव्हाचा स्कोअर लिहायचा, आणि बाजूला तिने किती पास बोटाने का होईना अडवले, किती वेळा स्क्रीन नीट लावली (म्हणजे आपल्या मुलीसाठी समोरचीची वाट उभं राहून अडवली), रिबाउंडला स्वतः मार्क करत असलेली समोरची मुलगी अंगाने रोखून धरली का, हे एखाद्या बसलेल्या मुलीकडून टिक करून घ्या. एक-दोन मॅचवरून निष्कर्ष काढू नका, स्कोअर बाकीच्या चौघींवरही असतो, पण महिनाभर लिहिलंत तर पालकांसमोर ठेवायला काहीतरी असेल.

उंच मुलगीही घ्याच की. ती पोस्टला, म्हणजे बास्केटजवळ, खेळणार, ही बाहेर, दोघींची जागा एक नाहीच, मग एकीसाठी दुसरी कशाला काढायची. आणि निवड जाहीर करायच्या आधी त्या पळणाऱ्या मुलीला बाजूला घेऊन तिला का ठेवलंय ते स्वतः सांगा, टिकांची वही दाखवून. या वयात पॉइंट होत नाहीत म्हणून खेळ सोडणाऱ्या मुली खूप असतात.